मऊपणा, सफाई आणि पात्याची जाणीव: दोन सेफ्टी रेझरची तुलना घरच्या घरी कशी करावी

एक सेफ्टी रेझर, म्हणजे सुटं दुधारी पातं बसवायचा रेझर, मी 'अगदी सौम्य' अशी ख्याती वाचून घेतला आणि पहिल्याच दाढीत मान लालभडक झाली. दुसऱ्याबद्दल 'नवख्यांनी हात लावू नये' असा इशारा होता. त्याने पाच मिनिटांत गाल असा साफ केला की संध्याकाळपर्यंत खुंट हाताला लागले नाहीत, आणि त्वचेनेही कुरकुर केली नाही. लोक वाट्टेल ते लिहितात, अशी मी बरेच दिवस समजूत करून घेतली होती. नंतर उलगडा झाला. सौम्य रेझर केस कमी कापत होता, म्हणून मी तो त्याच जागेवरून सात-आठ वेळा ओढत होतो. मान सोलली होती ती माझ्याच हाताने.

'सौम्य' आणि 'आक्रमक' या दोन शब्दांत आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो, तिथेच तुलना फसते. त्या तिन्ही आधी सुट्या करू.

पहिली गोष्ट मऊपणा. रेझर त्वचेवरून जाताना आणि गेल्यावर त्वचेला किती छळतो, ते इथे बघायचं. दाढीनंतर गाल किती गुळगुळीत झाला, याचा मऊपणाशी संबंध नाही. तो भाग दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे सफाईचा: एका हातात किती खुंट निघाले? 'हात' म्हणजे चेहऱ्यावरून एकदा पूर्ण फिरलेला रेझर. केसांच्या दिशेने फिरवला तर सुलट हात, दिशेला काटकोनात फिरवला तर आडवा हात, विरुद्ध फिरवला तर उलट हात. तिसरी गोष्ट पात्याची जाणीव. रेझर चालताना धार नेमकी कुठे आहे हे गालाला कळतं का? ही जाणीव चांगली किंवा वाईट नसते. ती कुणाला हवीशी वाटते, कुणाला धास्ती भरवते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. भरपूर सफाई देणारा रेझर मऊ असू शकतो. पातं अजिबात न जाणवणारा रेझर त्वचा जाळू शकतो. म्हणून वहीत तीन रकाने हवेत.

आधी डोकं नीट बघा

वापरण्यापूर्वी रेझरचं डोकं उजेडात धरून बाजूने बघा. दुधारी पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड आणि सुमारे २२ मिलिमीटर रुंद असतं. इतका पातळ पत्रा सपाट धरला तर लवलवतो. कागदाची पट्टी सरळ धरली की लोंबते आणि मधोमध जरा वाकवून धरली की ताठ उभी राहते, तेच इथे होतं. वरची कॅप आणि खालची पट्टी पात्याला दाबून किंचित वाकवतात, त्यातून ताठपणा येतो. पण ही पकड धारेच्या किती जवळपर्यंत पोहोचते, यावर सगळं अवलंबून आहे. पकड धारेपासून दूर संपत असेल तर पुढची मोकळी कड जाड खुंटावर आदळून थरथरते. त्या थरथरीलाच आपण 'खरखरीत चालतो' म्हणतो. माझ्या मते मऊपणाचं निम्मं गुपित या पकडीत आहे, आणि जाहिरातीत तिचा आकडा क्वचितच छापतात.

छापतात तो गॅप, म्हणजे धार आणि खालची पट्टी यांच्यातली फट. मोजायला सोपी, म्हणून सगळीकडे तीच दिसते. पण एकट्या फटीवरून रेझर ओळखू जाल तर चुकाल. जास्त बोलकी गोष्ट एक्स्पोजर. कॅपच्या कडेला आणि पट्टीच्या कडेला टेकणारी एक सरळ रेषा मनात काढा. ती रेषा म्हणजे तुमचा गाल. धार त्या रेषेच्या बाहेर डोकावत असेल तर एक्स्पोजर धन, आत दडली असेल तर ऋण, रेषेवरच असेल तर शून्य. धन एक्स्पोजरचा रेझर पात्याची जाणीव करून देतो, ऋण एक्स्पोजरचा ती दडवतो. फट मोठी पण धार दडलेली, असा रेझर अंगावर येत नाही. फट छोटी पण धार बाहेर, असा रेझर पहिल्याच ओढीत आपली ओळख करून देतो. हेन्सनच्या एएल १३ चा सौम्य प्रकार इथे चांगलं उदाहरण आहे: त्याची धार रेषेबाहेर फक्त ०.०३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि पातं धारेजवळ घट्ट आवळलेलं असतं. दुसऱ्या टोकाला म्यूलेचा आर ४१. दात असलेली पट्टी, उघडी धार, आणि पहिल्या दिवसापासून लक्ष देऊन चालवायला लावणारा स्वभाव.

पट्टी अखंड आहे की दातेरी, हेही टिपा. दातांमधून फेस आणि लांब खुंट सरळ धारेपर्यंत जातात, म्हणून तीन दिवसांची दाढी असेल तर दातेरी पट्टी कमी तुंबते. दातेरी म्हणजे आक्रमक, हा समज मात्र खोटा. दातेरी पट्टीचे शांत रेझर आहेत आणि अखंड पट्टीचे खवळलेलेही आहेत.

पातं बसवल्यावर एक तपासणी चुकवू नका. दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर आली आहे का? तीन भागांच्या (कॅप, पट्टी आणि दांडा सुटे असलेल्या) रेझरमध्ये पातं थोडं तिरकं बसणं नेहमीचं. एका बाजूला धार जास्त, दुसरीकडे कमी, अशा अवस्थेत तुम्ही एका रेझरचे दोन रेझर करून तपासत बसाल. दांडा जरा सैल करा, पातं आखूड कडांनी धरून सरळ करा, कॅप बोटाने दाबून धरा आणि पुन्हा आवळा. प्रत्येक वेळी तिरकंच बसत असेल तर तेही वहीत लिहा. तो त्या रेझरचा दोष आहे, तुमचा नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला

माझी सुरुवातीची सगळी मतं रद्दी निघाली. कारण साधं होतं. नवा रेझर आला की त्या आनंदात मी साबणही नवा काढायचो आणि पातंही. मग दाढी छान झाली तर श्रेय कुणाला द्यायचं?

तुलनेला दोनच रेझर घ्या. तिसरा आला की आठवण गोंधळते. एकाच पाकिटातली दोन कोरी पाती घ्या, एकेक दोन्हींत बसवा. साबण, ब्रश, वेळ, पाण्याची उष्णता तीच ठेवा. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे बारा तासांचे खुंट आणि छत्तीस तासांचे खुंट यांत तिपटीचा फरक. तेव्हा दोन दाढ्यांमधलं अंतर चोवीस तासांवर बांधून टाका. मानेवर आधीचे ओरखडे किंवा पुळ्या असतील तर आठवडाभर थांबा. दुखावलेली त्वचा कुठल्याही रेझरची बदनामी करते.

आता मुख्य कृती: अर्धा चेहरा एका रेझरने, अर्धा दुसऱ्याने. काल आणि आज यांची तुलना करण्यापेक्षा डावा आणि उजवा गाल यांची तुलना कितीतरी खरी ठरते, कारण झोप, हवा, घाई, मूड सगळं दोन्ही बाजूंना सारखंच असतं. फक्त एक खोट आहे. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा हात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखा चालत नाही, आणि केसांची दिशाही दोन्हीकडे अगदी आरशासारखी नसते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या.

मी सहा दाढ्यांचा क्रम ठेवतो. पहिल्या दिवशी पहिला रेझर डावीकडे, दुसरा उजवीकडे. दुसऱ्या दिवशी उलट. तिसऱ्या दिवशी दोन्ही रेझरमधली पाती आपापसांत बदलायची, आणि चौथ्या दिवशी बाजू पुन्हा बदलायच्या. ही पात्यांची अदलाबदल फार कामाची आहे. एकाच पाकिटातही एखादं पातं वाईट निघतं. तक्रार पात्याबरोबर दुसऱ्या रेझरमध्ये गेली तर पातं दोषी, पहिल्याच रेझरमध्ये राहिली तर रेझर दोषी. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन्हींत वेगळ्या कंपनीची कोरी पाती. त्याचं कारण पुढे येईल.

पात्याचा कितवा वापर आहे हेही सारखंच हवं. धार प्रत्येक दाढीत बदलते. केस पोलादापेक्षा जवळपास पन्नास पट मऊ, तरी तो धारेचे सूक्ष्म टवके उडवतो, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. केस तिरका वाकू शकतो आणि धारेच्या पोलादाची रचना सगळीकडे एकसारखी नसते. हे दोन्ही एका ठिकाणी जुळलं की टवका निघतो. शिवाय धारेवरचा टेफ्लॉनसारखा लेप पहिल्या वापरातच टोकावरून मागे सरकतो, म्हणून पुष्कळांना पहिल्यापेक्षा दुसरी दाढी मऊ वाटते. एका रेझरमध्ये कोरं आणि दुसऱ्यात चौथ्या दाढीचं पातं असेल तर तुम्ही पात्यांची तुलना करताय, रेझरची नाही.

ओलावा आणि फेस

यात नवीन काही नाही, पण टाळलं तर सगळं वाया जातं. चेहरा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने नीट भिजू द्या. भिजलेला केस फुगतो आणि कोरड्यापेक्षा खूपच कमी जोराने कापला जातो. फेस चकचकीत आणि ओला हवा. पिठाळ, उभा राहणारा फेस दिसायला देखणा असतो, पण त्यात पाणी कमी असतं.

अर्ध्या चेहऱ्याच्या पद्धतीत एक सापळा आहे, मी त्यात दोन महिने अडकलो होतो. पूर्ण चेहऱ्याला फेस लावून आधी डावी बाजू केली, तोवर उजवीकडचा फेस सुकायला लागलेला. साहजिकच दुसरा रेझर रोज हरायचा. म्हणून फेस अर्ध्याच चेहऱ्याला लावा, ती बाजू संपवा, मग दुसरी बाजू पुन्हा भिजवून ताजा फेस लावा.

प्रत्येक रेझरचा कोन शोधा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच वगळतात. सगळीकडे ३० अंश सांगतात. तो कोन पातं आणि त्वचा यांच्यातला असतो, दांडा आणि त्वचा यांच्यातला नव्हे. डोक्यात पातं आधीच कमी-जास्त कललेलं असतं, त्यामुळे एका रेझरला योग्य असलेला दांड्याचा कोन दुसऱ्याला चालत नाही. जुन्या रेझरची सवय घेऊन नवा चालवला की नव्याचं नाव खराब होतं.

असं करा. गालाच्या सपाट भागावर कॅपचा वरचा भाग टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर निघालेला. या स्थितीत रेझर काही कापत नाही. आता अर्ध्या सेंटिमीटरच्या छोट्या ओढी घेत दांडा हळूहळू खाली आणा. एका क्षणी चरचर सुरू होते. ती पहिली हद्द. आणखी खाली आणत राहा. एका टप्प्यावर आवाज जाड होतो आणि धार खरवडायला लागते. तिथे थांबा, ती दुसरी हद्द. या दोन हद्दींमधला पट्टा किती रुंद आहे, ते लिहून ठेवा. रुंद पट्ट्याचा रेझर चूक पोटात घालतो, हनुवटीच्या वळणावरही बिघडत नाही. अरुंद पट्ट्याचा रेझर एका ठराविक कोनातच बोलतो. काहींना हे बंधन आवडतं, कारण कोन चुकला की रेझर कापायचंच थांबतो आणि हात आपोआप सुधारतो. जबड्याच्या कडेला मात्र हाच रेझर वैताग आणतो.

पट्ट्याच्या आतही दोन चाली आहेत. कॅपच्या बाजूने झुकवला तर बहुतेक रेझर जास्त मऊ चालतात आणि धार केसाला त्वचेजवळ गाठते. पट्टीच्या बाजूने झुकवला तर धार जास्त खरवडते. तुलना करताना दोन्ही रेझर कॅपच्या बाजूने चालवा. नाहीतर एकाची उत्तम चाल दुसऱ्याच्या वाईट चालीशी ताडून बघाल.

दाबाचंही असंच. शंभर ग्रॅमच्या वर गेलेला पोलादी रेझर स्वतःच्या वजनावर उतरतो, हाताने फक्त दिशा द्यायची. चाळीस ग्रॅमच्या आतला अल्युमिनियमचा रेझर हात जरा जास्त धरायला लावतो, आणि तिथेच नकळत दाब वाढतो. दांडा शेवटाकडे, तीन बोटांच्या टोकांनी धरा. मूठ वळली की दाब आलाच. स्वतःचा दाब बघायचा असेल तर पातं काढून ठेवा आणि रिकामा रेझर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नेहमीसारखा टेकवून ओढा. मी हा प्रयोग केला तेव्हा आकडा बघून थोडा ओशाळलो.

सफाई मोजणं

तीन हात झाले की सगळेच रेझर छान वाटतात. फरक बघायचा तो पहिल्या हातानंतर. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत ठरावीक ओढी ठरवा, मी सहा घेतो. तेवढ्याच ओढी, दोन्ही बाजूंना, सुलट दिशेने. एकदा फिरवलेल्या जागेवर परत जायचं नाही. मोह होतो, पण मोजणीत तोच सगळ्यात मोठा घोटाळा. मग ती बाजू थंड पाण्याने धुवा आणि बोटाचं टोक उलट दिशेने फिरवा. सपाट गालावर काय उरलं, जबड्याच्या कडेवर काय, हनुवटीखाली काय? बोटाला शंका वाटली तर कापसाचा कोरडा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतात तिथे खुंट आहेत.

त्यानंतर आडवा हात, पुन्हा हीच तपासणी. 'दोन हातांत काम झालं' आणि 'तीन लागले' ही नोंद कुठल्याही गुणांकनापेक्षा उपयोगी पडते. शेवटची तपासणी दहा-बारा तासांनी. दोन्ही गाल सकाळी सारखे वाटले होते, पण संध्याकाळी एक आधी टोचायला लागला, तर केस कुठे जास्त खालून कापला गेला ते कळलं.

उलट हात पहिल्या दोन दिवशी घेऊ नका. मानेवर तर नकोच. सफाईच्या हौसेत केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेला की कुरळ्या दाढीत तो आत वळून वाढतो, आणि चार दिवसांनी आलेल्या पुळ्यांचं खापर रेझरवर फुटतं.

मऊपणा मोजणं

इथे मनाचं ऐकू नका, त्वचेला चार वेळा विचारा. रेझर चालताना एकदा: ओढ लागते का, थरथर जाणवते का? थंड पाण्याने धुतल्यावर दुसऱ्यांदा: कुठे ऊब, कुठे चुरचुर? याच वेळी रक्ताचे टिपके मोजून घ्या. पुढच्या पायरीनंतर ते दिसायचे नाहीत.

तिसऱ्यांदा तुरटी. ओला चेहरा, ओला तुरटीचा खडा, दोन्ही बाजूंवरून सारखाच फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. तुरटीसारखा निष्पक्ष पंच मला दुसरा मिळाला नाही. वरवर ठणठणीत दिसणारा गाल तिच्यापुढे खरं बोलतो. ती कशी झोंबते, त्याचाही अर्थ लागतो. पट्ट्यासारखं लांबलचक झोंबत असेल तर कोन किंवा दाब चुकला. सुईच्या टोकांसारखं इथेतिथे झोंबत असेल तर बहुधा धार केसाला ओढत होती. फक्त मानेवर झोंबत असेल तर केसांची दिशा ओळखण्यात चूक झाली, कारण मानेवर ती दोन-दोन बोटांवर बदलते. तुरटीआधी कुठलंही लोशन किंवा क्रीम लावू नका, पंचाचे डोळे बांधल्यासारखं होईल.

चौथ्यांदा तासाभराने, शर्टाची कॉलर मानेला लागते तेव्हा. कित्येक रेझर तिन्ही परीक्षांत पास होऊन इथे नापास होतात.

पात्याची जाणीव

हिला मोजपट्टी नाही, तुलनाच करावी लागते. तीन जागा पुरतात: सपाट गाल, वरचा ओठ, जबड्याची कड. गालावर काही जाणवलं नाही आणि ओठावर एकदम धार समोर आली, असे रेझर असतात. एका वाक्यात लिहा: 'गालावर पट्टी जाणवते, पातं नाही', किंवा 'पहिल्या ओढीपासून धार ठळक जाणवते'. अशी वाक्यं महिन्याने वाचली तरी रेझर आठवतो. 'पाचपैकी साडेतीन' वाचून काहीच आठवत नाही.

आवाजाने फसू नका. पोकळ दांडा आणि पातळ पट्टी असलेले रेझर खुंट कापताना मोठ्याने करकरतात, आणि आपल्याला वाटतं की हा जास्त कापतोय, जास्त धारदार आहे. भरीव पोलादी डोकं तेच काम मुकाट्याने करतं. एकदा कानात कापूस घालून दाढी करून बघा. माझी दोन रेझरबद्दलची मतं त्या दिवशी जागच्या जागी पालटली.

वही काय सांगते

सफाई कमी, जाणीव शून्य आणि त्वचा लाल, असा मेळ बसला तर तो रेझर तुमच्या दाढीसाठी कमी पडतोय. तुम्ही ती उणीव जास्त ओढी आणि जास्त दाब यांनी भरून काढताय. नवख्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडतं, आणि सल्ला मात्र 'आणखी सौम्य रेझर घ्या' असा मिळतो.

सफाई भरपूर, जाणीव ठळक, त्वचा शांत: चांगला रेझर, फक्त सकाळच्या घाईत तो उचलू नका. सफाई भरपूर, पण चालताना थरथर आणि तुरटी टिपक्यांसारखी झोंबते: धार बाहेर आहे, पण पकड ढिली. अशा रेझरमध्ये पातं बदलून पाहण्यात अर्थ आहे. सफाई मध्यम, जाणीव अगदी कमी आणि त्वचा खूश असेल तर रोज दाढी करणाऱ्याने पुढे शोधूच नये. फेदरचा एएस-डी २ याच गोत्रातला: शांत, मऊ, पण दोन दिवसांच्या राठ दाढीवर तीन हात मागणारा.

तिरक्या डोक्याचे रेझर, उदाहरणार्थ मेर्कूरचा ३७ सी, या हिशेबात थोडे वेगळे बसतात. पातं तिरपं आणि पिळलेलं असल्याने ते जास्त ताठ असतं आणि केस आडवा छाटण्याऐवजी सुरीने कापावा तसा कापतं. राठ दाढीला हे मानवतं. दांडा मात्र सरळच ओढायचा. डोकं तिरकं दिसतं म्हणून हातही तिरका नेलात की त्वचा कापलीच म्हणून समजा.

आता पातं बदला

पाचव्या आणि सहाव्या दिवशीची वेगळी पाती यासाठी. काही रेझर कुठलंही पातं गोड मानून घेतात, काही अतिशय चोखंदळ असतात. फेदरसारखं अत्यंत तीक्ष्ण पातं शांत रेझरमध्ये बसवलं की सफाई एकदम चढते आणि मऊपणा बहुधा टिकतो. तेच पातं उघड्या धारेच्या रेझरमध्ये नवख्या हाताला महागात पडतं. उलट, डर्बीसारखं तुलनेने बोथट पातं उघड्या रेझरला निवळवेल असं वाटतं, पण राठ दाढीत ते केस ओढायला लागतं आणि मऊपणा आणखी घसरतो. बोथट म्हणजे मऊ, हे समीकरण मनातून काढा. दोन्ही प्रकारच्या पात्यांवर एका रेझरचे तिन्ही रकाने जवळपास सारखे राहिले, तर तो रेझर निश्चिंत मनाने ठेवा.

हातात एकच रेझर असेल आणि तरीही हे शिकायचं असेल तर फट बदलता येणारा रेझर हा उत्तम शिक्षक. जिलेटचं सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ चं, आणि दांड्यावर १ ते ९ आकड्यांची चकती असलेला त्यांचा फट बदलणारा रेझर १९५८ मध्ये बाजारात आला. आज मेर्कूरचे प्रोग्रेस आणि फ्युचर तेच काम करतात. रॉकवेलच्या ६ एस मध्ये चकतीऐवजी उलटसुलट वापरायच्या तीन पट्ट्या असतात, एकूण सहा पायऱ्या. वजन, दांडा, पातं सगळं तेच ठेवून फक्त फट बदलते आणि तिच्यासोबत एक्स्पोजरही. डावा गाल २ वर, उजवा ५ वर करून बघा. तिन्ही रकान्यांत काय हलतं आणि काय जागचं हलत नाही, ते एका दाढीत दिसतं. फक्त आकडा वाढवताना आधी चकती फिरवून नंतर रेझर गालाला लावा. हे लिहायची गरज पडू नये, पण मला एकदा पडली होती.

मी सुरुवातीला सांगितलेल्या दोन रेझरची वही अजून आहे. 'सौम्य' रेझरच्या पानावर सहाव्या दिवशी लिहिलंय: 'तीक्ष्ण पातं, कॅपच्या बाजूने, दोन हात, तुरटी गप्प.' तो आता रोजच्या वापरात आहे. दुसऱ्याच्या पानावर: 'सुलट एक हात पुरे, मानेला उलट नको, झोप झाली नसेल तर कपाटातच राहू दे.' तो सुट्टीच्या सकाळी, तीन दिवसांच्या दाढीसाठी बाहेर निघतो.